इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर
जेम्स लव्हलॉक यांनी १९५७च्या सुमारास घडवलेले छोटेसे उपकरण. गॅस क्रोमॅटोग्राफच्या नळीत सुटे झालेले घटक एकामागून एक त्यात शिरतात. आत किरणोत्सारी पत्रा असतो, हल्ली बहुधा निकेल-६३चा. त्याच्यामुळे वायूत मोकळे इलेक्ट्रॉन तयार होऊन बारीकसा विद्युतप्रवाह वाहत राहतो. क्लोरीनयुक्त रेणू हे इलेक्ट्रॉन पकडतात, प्रवाह घटतो आणि आलेखावर शिखर उमटते. डीडीटीचे अत्यल्प अवशेष त्यामुळेच मोजता आले. १९७१-७२ मध्ये लव्हलॉक यांनी ‘शॅकलटन’ जहाजावरून ब्रिटन ते अंटार्क्टिका या वाटेवरच्या हवेत सीएफसी-११ हा क्लोरीनयुक्त वायू मोजला. सीएफसींमुळे ओझोनचा थर घटेल असे मांडणाऱ्या, रोलंड आणि मोलिना या रसायनशास्त्रज्ञांच्या १९७४च्या निबंधामागे ही मोजणी होती. मात्र रेणू नेमका कोणता, हे उपकरण सांगत नाही. शंका असल्यास मास स्पेक्ट्रोमीटरवर खात्री करावी लागते.