क्ष-किरण आकाशाचे दप्तर

क्ष-किरण आणि गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात अडतात. त्यामुळे उच्च ऊर्जा खगोलशास्त्राला आपली उपकरणे वातावरणाच्या वर न्यावी लागली. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाच्या अग्निबाणाने वृश्चिक राशीत सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत टिपला. डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्यालगतच्या सागरी तळावरून सुटलेल्या ‘उहुरू’ उपग्रहाच्या नोंदींतून पुढे ३३९ स्रोतांची यादी तयार झाली.

त्या काळात निरीक्षणे मुख्यतः उपकरण बांधणाऱ्या गटाकडेच राहत. नोंदी चुंबकीय फितींवर असत. प्रत्येक गटाची मांडणी निराळी आणि ती वाचणारा प्रोग्रॅमही निराळा. गट पांगला, की फिती हाती असूनही त्यांचा अर्थ लावणे अवघड होई.

यावरचा तोडगा दृश्य प्रकाश आणि रेडिओलहरींच्या अभ्यासकांनी काढला. १९७९ मध्ये त्यांनी ‘फिट्स’ ही फाइलची सामाईक मांडणी आखली आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तिला मान्यता दिली. फाइलच्या माथ्यावर साध्या अक्षरांत दुर्बीण, वेळ, एकके यांचा तपशील असतो. त्याची प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, कारण छिद्रपत्रांवर तेवढीच अक्षरे मावत. नवी सुधारणा जुनी फाइल कधीही निकामी करणार नाही, हा तिचा दंडक. दूरदृष्टीचे इतके चांगले उदाहरण विज्ञानाच्या व्यवहारात क्वचितच सापडते.

नोव्हेंबर १९९० मध्ये नासाने मेरीलँडमधील गॉडार्ड केंद्रात ‘हीसार्क’ हे उच्च ऊर्जा खगोलशास्त्राचे अभिलेखागार उभारले. युरोपच्या ‘एक्सोसॅट’ उपग्रहाच्या माहितीसाठ्यावर काम केलेले निकोलस व्हाइट तिथे आले आणि त्या साठ्याची शोधप्रणालीही नव्या केंद्रात रुजली. जुन्या मोहिमांच्या नोंदी फिट्समध्ये आणण्याचे किचकट काम सुरू झाले. प्रत्येक फोटॉनची वेळ, दिशा आणि ऊर्जा यांची यादी कशी लिहायची, याचे संकेत ठरले. उपकरणांच्या अंशशोधनाची माहिती निरीक्षणांपासून वेगळी ठेवली गेली. हा निर्णय सर्वांत मोलाचा मानावा लागेल, कारण उपकरणाविषयीची समज सुधारली की जुने निरीक्षण नव्याने तपासता येते. विश्लेषणाची आज्ञावलीही विनामूल्य मिळू लागली.

निरीक्षकाला साधारण वर्षभराचा एकाधिकार देऊन मग नोंदी खुल्या करण्याची रीत ‘चंद्रा’ दुर्बिणीनेही पाळली. २००४ मध्ये सोडलेल्या ‘स्विफ्ट’ने मात्र गॅमा स्फोटांची माहिती लगोलग सर्वांना दिली. ‘फर्मी’च्या मुख्य दुर्बिणीच्या नोंदी ऑगस्ट २००९ मध्ये खुल्या झाल्या. दुर्बिणीच्या गटाबाहेरचे मेंग सू, ट्रेसी स्लेटर आणि डग्लस फिंकबायनर यांना त्यांतच आकाशगंगेच्या केंद्राच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले प्रचंड बुडबुडे दिसले. २०१० मधला हा शोध म्हणजे खुल्या दप्तराचे सर्वांत सबळ समर्थन.

भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेला. त्याची क्ष-किरण उपकरणे घडवण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचा मोठा वाटा आहे. त्याच्या नोंदी बेंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील इस्रोच्या केंद्रात जपल्या जातात. सप्टेंबर २०१८ पासून त्या जगभरच्या अभ्यासकांना खुल्या झाल्या आणि त्या वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष आयुकात आहे.