आमिश कुळांचा शोध

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाचे आमिश लोक शेतकरी, धर्मनिष्ठ आणि वंशावळी कसोशीनें जपणारे. १८८० ते १९८० या शंभर वर्षांत त्यांच्यांत २६ आत्महत्या घडल्या. १९८५ सालीं जॅनिस एगलँड व जेम्स ससेक्स यांनीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तों सुमारें पाऊण हिस्सा चारच कुळांतला! मग हा रक्तांतला शाप म्हणावा काय? छे! मनोविकारानें ग्रासलेलीं दुसरीं कुळें आत्महत्येपासून अलिप्त होतीं. १९८७ सालीं उन्माद-विषादाच्या विकाराचें मूळ आमिशांच्याच एका कुळांत, अकराव्या गुणसूत्रावर, सांपडल्याचा गाजावाजा झाला. १९८९ च्या फेरतपासणींत तो ओसरला. आत्महत्येच्या प्रवृत्तीस अनेक जनुकांचा अल्प अल्प हातभार लागतो, असें आतां मानतात. त्या २६ जणांपैकीं बहुतेकांना मात्र मनोविकार जडलेला होता, आणि तो उपचारानें आटोक्यांत आणतां येतो.