उष्ण मुलखातला बटाटा

बटाट्याच्या झाडाला कंद धरण्यासाठी रात्रीचे तापमान साधारणतः 20 अंशांखाली लागते आणि जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याकडे थंडी मोजकेच आठवडे टिकत असल्याने या पिकाने तेथे कापूस-केळीची जागा कधी घेतली नाही. अशा उष्ण मुलखासाठी नवी जात काढणेही सोपे नव्हते. 1949 साली पाटण्यात स्थापन होऊन 1956 मध्ये सिमल्यास हललेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने संकराचे काम, म्हणजे कळीतील परागकोश चिमट्याने काढून परक्या जातीचे पराग लावण्याचे काम, सिमल्याजवळच्या कुफरीच्या डोंगरावर केले, कारण मैदानात हे झाड नीट फुलत नाही; शिवाय ते चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेले, असल्याने हवे ते गुण एका रोपात क्वचितच जुळतात. 1972 च्या ‘कुफरी लवकर’ या जातीच्या संकरातून 2006 मध्ये उष्णता सोसणारी ‘कुफरी सूर्या’ निघाली. मात्र ती उशिरा येणाऱ्या करप्यापुढे, म्हणजे बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणाऱ्या पानकुजीपुढे, दुबळीच आहे.