तीन पाकळ्यांचे चिन्ह

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी शाळेच्या पटांगणावर गळ्यात स्कार्फ बांधून ताठ उभे राहिलेले स्काउट-गाइडचे पथक आपण सर्वांनीच पाहिले आहे. आपली मुले-मुलीही त्यात असतील. त्यांच्या गणवेशावर तीन पाकळ्यांचे एक चिन्ह असते. हे चिन्ह कोठून आले आणि ते कोणाचे, असे विचारले तर बहुतेकजण ‘विलायतेचे’ म्हणून मोकळे होतात. उत्तर अर्धे बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

१८९७ साली बेडन-पॉवेल नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी एका घोडदळ पलटणीचा प्रमुख म्हणून मेरठला आला. टेहळणीचे शिक्षण पुरे करणाऱ्या शिपायांना तो पितळेचा एक बिल्ला देई. होकायंत्राच्या तबकडीवर उत्तर दिशा दाखविणारी जी खूण असते, तिचाच तो आकार होता. पुढे १९०७ साली ह्याच गृहस्थाने इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरविले, तेव्हा बिल्ल्याची ती खूण मुलांची झाली. टीकाकार म्हणाले, हे तर भाल्याचे टोक, युद्धाची निशाणी. त्याने उत्तर दिले की हे लिलीचे फूल आहे, शांतीचे व पावित्र्याचे. तीन पाकळ्या म्हणजे स्काउट वचनाची तीन अंगे, हा अर्थही चिकटला. एका आकाराचे किती अर्थ होऊ शकतात पहा!

आता ह्यातली विसंगती लक्षात घ्या. ज्या भूमीवर तो बिल्ला दिला जात होता, त्याच भूमीवर १९०९ साली बंगलोरला पहिले स्काउट पथक निघाले, आणि त्यात हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. ते होते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. म्हणून १९१७ साली डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासला हिंदी मुलांची निराळी संघटना काढली. त्यांच्या मुलांनी विलायती हॅटऐवजी फेटा बांधला आणि गाणीही आपल्या देशातील म्हटली. पुढच्याच वर्षी पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेस सेवा समितीचे स्काउट उभे केले. फेटा की हॅट हा वाद वरवर पोषाखाचा दिसतो. माझ्या मते तो पोषाखाचा नव्हताच. मुलाच्या डोक्यावर काय असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच तो प्रश्न होता. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल येथे आले, हिंदी मुलांना दार उघडले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत मिळाली. सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. १९३८ साली पुन्हा फूट पडून हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली.

हे सारे प्रवाह एकत्र आले ते स्वातंत्र्यानंतर. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाइड्सही तीत सामील झाल्या. चिन्ह कोणते घ्यावे? जुने टाकून देणे सोपे होते. तसे केले नाही. मुलांचे तीन पाकळ्यांचे फूल, त्यात मुलींचे त्रिदल पान, आणि मध्यभागी अशोकचक्र अशी गुंफण केली. ध्वजाचे नियमही काटेकोर केले: जमीन गडद निळी, चिन्ह पिवळे, चक्र निळे; ध्वज १८० सेंटिमीटर लांब व १२० रुंद, त्यावरील चिन्ह ४५ बाय ३० चे. असले नियम वाचून पुष्कळांना जांभई येते. पण एकदा एका शाळेत (नाव सांगत नाही) शिंप्याकडून शिवून आणलेल्या ध्वजावरच्या चक्राच्या आऱ्या मुलांनी मोजल्या, त्या एकोणीस भरल्या. चोविसांतल्या पाच आऱ्या कोठे गेल्या, ह्याचे उत्तर आम्हा मोठ्यांपैकी एकालाही देता आले नाही.

लहान मुलांच्या शाखांची कथा तर आणखी गमतीची आहे. १९१६ साली धाकट्या मुलांसाठी ‘वुल्फ कब’ निघाले. लांडग्याचे पिल्लू ही त्यांची खूण. दोन बोटे कानांसारखी उभी करून सलाम करायचा. कल्पना किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’ची, म्हणजे हिंदुस्थानच्या अरण्याची. कळपाचा नायक ‘अकेला’, हा शब्द तर आपल्या कानांना परका नाहीच. लंडनची मुले आपल्या शिक्षकाला ‘अकेला’ म्हणून हाका मारीत! मुलींचे मात्र उलट झाले. १९१४ साली धाकट्या मुलींना ‘रोझबड’ म्हणजे गुलाबकळी हे नाव दिले. ते मुलींनाच रुचले नाही, तेव्हा इंग्रजी लोककथेतल्या घरकाम करणाऱ्या छोट्या भुतावरून ‘ब्राउनी’ केले. आपल्याकडे हे भूत कोण ओळखणार? येथे ‘ब्ल्यूबर्ड’ झाले आणि अखेर ‘बुलबुल’. फारसी-उर्दू शायरीच्या बागेतला हा पक्षी आज मराठी शाळेतल्या सात-आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी आहे, आणि तिला तो उसना वाटत नाही.

खुणेचा हा प्रश्न केवळ आपल्याच देशात उठला असे नाही. फ्रेंचांच्या ताब्यातील अल्जीरियात मोहम्मद बूरास यांनी १९३० च्या दशकात मुस्लिम स्काउटांची संघटना उभारली. स्काउट चळवळीतच, पण आपल्या भाषेत व आपल्या निशाणीखाली मुलांना घडवावे, एवढाच उघड हेतू. १९४१ साली बूरास यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. नंतर ८ मे १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपल्याच्या दिवशी, सेतीफ शहरात मिरवणूक निघाली. पुढे स्काउट मुले चालत होती. मिरवणुकीला परवानगी होती, राजकीय झेंड्यांना नव्हती. अशा वेळी बूझीद साल ह्या तरुण स्काउटाने हिरवा-पांढरा, चंद्र-ताऱ्याचा झेंडा उंच धरला. तो खाली घ्यावयास नकार मिळताच पोलिसांनी गोळी झाडली, आणि बूझीद तेथेच कोसळला. त्यानंतरच्या आठवड्यांत हजारो माणसे मारली गेली.

१९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला. हिरवा-पांढरा, मध्ये तांबडा चंद्र नि तारा असलेला झेंडा सरकारी इमारतींवर चढला, आणि पुढच्याच वर्षी त्या देशाचे स्काउट जागतिक संघटनेत दाखल झाले.