नदी पेटली, पण फोटो कोणत्या सालचा?

पाणी कधी पेटतं का? नाही. पेटतं ते पाण्यावर तरंगणारं तेल. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरातून वाहत ईरी सरोवराला मिळणारी कायाहोगा नदी अशी अनेकदा पेटली आहे. काठावरचे पोलाद, तेल आणि रसायनांचे कारखाने आपली घाण थेट पात्रात सोडत. शहराचं सांडपाणीही त्यातच जाई.

२२ जून १९६९ रोजी तेलाच्या तवंगाने पेट घेतला आणि रेल्वेच्या पुलांना झळ बसली. आग अर्ध्या तासात आटोक्यात आली. नुकसान सुमारे ५० हजार डॉलर. स्थानिक वर्तमानपत्रांनीही फार जागा दिली नाही. मग ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने लेख छापला, सोबत ज्वाळांनी वेढलेल्या बोटीचा फोटो. नदी देशभर गाजली.

माझ्या पहिल्या सेमिनारच्या स्लाइडवर तोच फोटो होता, खाली मी ठळक अक्षरांत ‘१९६९’ लिहिलेलं. एका सीनियरने विचारलं, “तारीख कुठून घेतलीस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री शोधत बसलो तेव्हा कळलं, फोटो १९५२ च्या आगीचा आहे! त्या आगीत दहा लाख डॉलरहून जास्त नुकसान झालं होतं. १९१२ च्या आगीत तर पाच माणसं गेली होती.

आता खरा प्रश्न बघा. मोठ्या आगींनंतर देश हलला नाही, मग छोट्या आगीनंतर कसा हलला? कारण नदी तीच होती, बघणारे बदलले होते. जानेवारी १९६९ मध्येच कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्याजवळ तेलगळती झाली होती. क्लीव्हलँडच्या मतदारांनी तर १९६८ मध्येच नदी-सफाईसाठी १० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती. म्हणजे ‘आग लागली आणि १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा आला’ हे एका ओळीतलं स्पष्टीकरण अपुरं आहे. आग हे एक कारण, एकमेव नव्हे.

तुम्ही संशोधन प्रस्ताव लिहाल तेव्हा अशी सोपी, गोळीबंद गोष्ट हाताशी येईलच. ती जितकी चपखल वाटेल तितकी जास्त तपासा. आधी मूळ स्रोत, मग तारीख, आणि मगच ‘म्हणून’ हा शब्द.

माझी ती स्लाइड मी अजून जपून ठेवली आहे. चूक दुरुस्त केलेली नाही, मुद्दामच.