विद्याधरीच्या पश्चात

कलकत्त्यात येणाऱ्या महाराष्ट्रीयास एक गोष्ट फार लवकर कळते. ती अशी की, या शहराच्या इतिहासात आपले नाव प्रथम लागले ते एका खंदकाला. (शहराचे नाव २००१ साली कोलकाता झाले, परंतु जुन्या सवयीस अनुसरून आम्ही कलकत्ता असेच लिहू.) १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरली. तेव्हा भयभीत झालेल्या इंग्रज कंपनीने नबाब अलिवर्दीखानाची परवानगी घेऊन शहराभोवती खंदक खणावयास घेतला. योजलेल्या सात मैलांपैकी सुमारे तीन मैल खणून झाला आणि काम थांबले; कारण 'बर्गी', म्हणजे आपले बारगीर, कलकत्त्यावर आलेच नाहीत. बंगाली आया बर्ग्यांचे भय घालून मुलांस निजवीत असत. त्या भयास कारण होते, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे; बंगालातील खेड्यांनी त्या स्वाऱ्यांत फार सोसले.

शत्रू न आल्यामुळे त्या अर्धवट खंदकात शहराची घाण साचू लागली. १७९९ साली तो बुजवून त्यावर वर्तुळाकार मार्ग बांधण्यात आला. आज ज्यास आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग आणि आचार्य जगदीशचंद्र बसू मार्ग म्हणतात, तोच हा रस्ता. खंदक बुजला, परंतु शहराची घाण जावी कोठे हा प्रश्न काही बुजला नाही. त्याचे उत्तर शहराच्या पूर्वेस सापडले, आणि आम्हांस जो इतिहास सांगावयाचा आहे तो त्या उत्तराचा आहे.

कलकत्ता हुगळीच्या काठी वसले असले तरी त्याचे पाणी हुगळीकडे वाहत नाही, हे परक्यास चमत्कारिक वाटते. नदीने वर्षानुवर्षे आणलेल्या गाळाने तिचा काठच उंच झाला आहे; जमिनीचा उतार नदीकडून उलट पूर्वेकडे जातो. त्या बाजूस पूर्वी खाऱ्या सरोवरांचा विस्तीर्ण प्रदेश होता. विद्याधरी नावाची भरती-ओहोटीची नदी समुद्राचे खारे पाणी तेथवर आणी, पसरवी आणि ओहोटीबरोबर परत नेई. कोकणातील वाचकांनी आपली खाजणे डोळ्यांसमोर आणावीत म्हणजे कल्पना येईल. या पाण्यात भेटकी आणि कोळंबी वाढे, आणि त्यावर कोळी व जमीनदार दोघेही जगत.

१८५५ साली विल्यम क्लार्क या अभियंत्याने भूमिगत गटारांची योजना मांडली, तीत हा उतार त्याने बरोबर हेरला होता. पुढील वीस वर्षांत ती गटारे बांधली गेली आणि शहराचे मैलापाणी पूर्वेकडे, विद्याधरीच्या स्वाधीन झाले. ओहोटी ते समुद्रास नेईल असा हिशेब होता. परंतु भरतीचे पाणी ज्या मोकळ्या खाजणात पसरावयाचे, तेथेच नावांच्या वाहतुकीसाठी कालवे खणले गेले आणि मत्स्यशेतीसाठी बांध घातले गेले. पसरावयास जागा न उरल्याने भरतीचा जोर ओसरला, गाळ जागच्या जागी बसू लागला आणि नदीचे पात्र वर आले. १९२८ साली विद्याधरी मृत झाल्याचे सरकारने जाहीर केले. सरकारी कागदोपत्री नदीच्या मृत्यूची अशी नोंद क्वचितच होत असेल.

नदी गेली तेव्हा दोन संकटे एकाच वेळी उभी राहिली. शहराचे मैलापाणी जावयाची वाट बंद झाली, आणि खाऱ्या पाण्यावर मासळी काढणाऱ्यांचे पाणीच नाहीसे झाले. पहिल्या संकटावर महापालिकेचे अभियंते डॉ. बी. एन. दे यांनी तोड काढली: तीस-पस्तीस किलोमीटर पूर्वेस कुलटी नदीपर्यंत कालवे काढून मैलापाणी तेथे सोडावयाचे. हे काम १९४३ साली पुरे झाले. दुसऱ्या संकटावर तोड काढली ती कोणा अभियंत्याने नव्हे. १९३० च्या सुमारास मत्स्यशेती करणाऱ्यांनी पाण्याची उणीव भरून काढण्यास मैलापाणीच आपल्या तळ्यांत घेऊन पाहिले, आणि मासे मेले नाहीत. उलट पूर्वीपेक्षा जोमाने वाढले. कुलटीचे कालवे उंचावरून वाहत असल्याने पुढे हे पाणी पंपावाचून, केवळ उताराने, दूरदूरच्या तळ्यांत पोहोचू लागले. अभियंत्याच्या योजनेत नसलेला हा लाभ त्या योजनेचा सर्वांत मोठा लाभ ठरला.

बांध घालून केलेल्या या उथळ तळ्यास बंगालीत 'भेडी' म्हणतात. दीड फुटापासून पाच फुटांपर्यंत एवढीच तिची खोली, आणि सारी किमया त्या उथळपणात आहे. थंडीत भेडी उपसून तळ उन्हात तापवितात, नांगरतात, चुना टाकतात. नंतर कालव्याची झडप उघडून मैलापाणी आत घेतात आणि दोन-तीन आठवडे स्वस्थ ठेवतात. जिवाणू घाणीचे विघटन करू लागतात. विघटित द्रव्यांवर सूक्ष्म शेवाळ पोसते, आणि उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचत असल्याने ते दिवसभर प्राणवायू सोडीत राहते. तोच प्राणवायू जिवाणूंना पुढील कामास लागतो. पाण्याचा काळा रंग जाऊन हिरवा आला की प्रथम थोडी पिले सोडून पाहतात. ती जगली तर बाकीची सोडतात. रुई, कातला, मृगेल हे मासे ते शेवाळ व त्यावर पोसलेले सूक्ष्म जीव खाऊन वाढतात. शेवाळ फार माजले असते तर रात्री सडून सारे पाणी नासले असते. मासे ते होऊ देत नाहीत. इतरत्र शाप ठरलेली जलपर्णी येथे काठाकाठाने मुद्दाम राखतात. ती लाटांपासून मातीचे बांध वाचविते, पाण्यातील धातू शोषून घेते आणि मासळीस सावली देते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येऊ लागले की प्राणवायू कमी पडला, आता मैलापाणी थांबवावयाचे, हे भेडीवरच्या माणसास कोणत्याही यंत्रावाचून कळते. पाण्याचा रंग आणि वास हीच त्याची प्रयोगशाळा.

कोकणी मंडळी या गोड्या पाण्यातील मासळीस नाके मुरडतात, तो भाग निराळा.

विधाननगर, म्हणजे आपले सॉल्ट लेक, या इतिहासात १९६२ साली येते. मुख्यमंत्री डॉ. विधानचंद्र राय यांच्या कल्पनेनुसार हुगळीच्या तळातील वाळू-गाळ नळांवाटे पाण्याबरोबर आणून खाऱ्या सरोवरांचा उत्तर भाग भरण्यास त्या वर्षी एप्रिलात आरंभ झाला. काम युगोस्लाव्हियातील एका कंपनीकडे होते. राय त्याच वर्षीच्या १ जुलैस निवर्तले. भरणी १९६७ पर्यंत चालली. फाळणीनंतर माणसांनी ओसंडणाऱ्या शहरास जागा हवी होती हे निर्विवाद. आपल्या मंडळाच्या कित्येक सभासदांची घरे आज तेथे आहेत, केंद्र सरकारच्या अनेक कचेऱ्याही तेथेच. आम्ही स्वतः ज्या मेजाशी बसून सरकारी कागद हातावेगळे करतो, त्याच्या खाली एके काळी मासे पोहत होते. मात्र भेडी बुजवून जागा मिळते हे एकदा ठरल्यावर पुढच्यांस तेच उदाहरण झाले.

आश्चर्य असे की हे सारे चालू असता, शहराचे मैलापाणी वस्तुतः कोण शुद्ध करीत आहे याची सरकार-दरबारी कोणास नीटशी जाणीव नव्हती. ती करून दिली राज्य सरकारच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी. १९८० नंतरच्या दशकात ते कालव्यांच्या कडेने चालत गेले, भेडीवाल्यांशी बोलले, नकाशे आखले आणि पाण्याचे नमुने तपासून घेतले. जैविक घाणीचा भार ८० टक्क्यांहून अधिक कमी होतो असे आढळले. सरकारी सेवेतील माणसाने खुर्ची सोडून पायी हिंडून केलेले हे काम आम्हांस फार मोलाचे वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९० साली त्यांचा गौरव केला. २०१८ साली ते निवर्तले.

सप्टेंबर १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती उमेशचंद्र बॅनर्जी यांनी या पाणथळीवर बांधकामास मनाई करणारा निर्णय दिला. एका नागरिक संघटनेने व्यापार केंद्राच्या योजनेविरुद्ध दाद मागितली होती. १९ ऑगस्ट २००२ रोजी १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश रामसर कराराच्या यादीत आला आणि २००६ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला.

तरीही आमची शंका कायद्याने फिटत नाही. अभयारण्यास कुंपण घातले म्हणजे ते टिकते. भेडीचे तसे नाही. ती निसर्गाची देणगी नव्हे, सरकारची निर्मितीही नव्हे. नदीच्या मृत्यूनंतर पोटासाठी केलेल्या युक्तीतून ती जन्मली आहे. तिला वेळेवर आणि पुरेशा पातळीने मैलापाणी मिळाले, आणि मासळीचे चार पैसे सुटले, तरच भेडीवाला बांध राखील. कालवे गाळाने भरले की टोकाच्या भेड्या तहानेल्या राहतात; कारखान्यांचे धातुयुक्त पाणी कालव्यात शिरले तर ते पचविण्याची शक्ती शेवाळात नाही. तोट्यात गेलेली, कोरडी पडलेली भेडी पुढे कोणाच्या हाती जाते हे पूर्व बगलमार्गावरून जाताना दिसतेच. त्या मार्गालगत धापा येथे शहराच्या कचऱ्यावर पिकणारा फ्लॉवर आणि पालेभाज्या त्याच कालव्यांच्या व तळ्यांच्या पाण्यावर वाढतात, आणि सकाळी आपल्या पिशवीत येतात.

यंदा थंडीत बानतला बाजूस भेड्या उपसल्या जातील तेव्हा सभासदांनी एखादा रविवार काढून तिकडे जावे. तळ उन्हास पडलेला असतो, बगळे नांगरामागून चालतात आणि झडपेपाशी बसलेला म्हातारा कालव्याची पातळी किती बोटे उतरली ते काठीवर मोजीत असतो.