संवादक्षमतेचं कूळ

इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘संवादक्षमता’ हा शब्द सारखा कानावर पडतो. तो कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या वर्गांत तो जिथे अडतो, ती अडचण त्याच्या जन्मातली नाही. ती त्याला वाटेत चिकटली.

१९६५ साली नोम चॉम्स्की यांनी आपल्या सिद्धान्तासाठी एक आदर्श वक्ता कल्पिला. तो एकजिनसी समाजात राहतो, आपली भाषा पूर्ण जाणतो आणि कधी चुकत नाही. पुढच्याच वर्षी डेल हाइम्स यांनी न्यू यॉर्कच्या येशिव्हा विद्यापीठातल्या परिषदेत या कल्पनेला उत्तर दिलं. परिषद होती वंचित मुलांच्या भाषाविकासावर, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हाइम्स मानववंशशास्त्रज्ञ होते. ऑरेगनमधल्या आदिवासी भाषांवर त्यांचं काम होतं. मूल नुसतं व्याकरण शिकत नाही, ते म्हणाले. कुणाशी, कधी, कुठे बोलावं आणि केव्हा गप्प राहावं हेही ते शिकतं, आणि हे नियम समाजागणिक बदलतात. या साऱ्या जाणिवेला त्यांनी ‘संवादक्षमता’ म्हटलं. ऑरेगनमधल्याच वॉर्म स्प्रिंग्जच्या मुलांबद्दल सुसान फिलिप्स यांनी १९७२ मध्ये लिहिलं. ती मुलं शाळेत अबोल वाटत. घरी ती मोठ्यांचं काम बघत बघत शिकत. चारचौघांत एकट्याने उभं राहून उत्तर देण्याची त्यांच्यात रीतच नव्हती.

तिथून ही कल्पना युरोपीय अभ्यासक्रमांच्या हाती लागली. काउन्सिल ऑफ युरोपने १९७५ मध्ये ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ आणली, ती कामासाठी वा प्रवासासाठी परदेशी जाणाऱ्या प्रौढांना डोळ्यांपुढे ठेवून. पत्ता विचारणं, खोली मागणं, माफी मागणं, आमंत्रण नाकारणं असा तिचा बाज. त्या माणसांना ते हवंच होतं. पण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हाच बाज उतरला, तेव्हा समाजागणिक बदलणाऱ्या नियमांतला समाज एकच उरला, इंग्रजी ज्याची मायबोली आहे तो.

आता शापोरा नदी ओलांडून पेडण्यात यावं. नदीअलीकडच्या बार्देशात, हडफड्याला, १८८७ मध्येच इंग्रजी शाळा निघाली होती. तिथल्या माणसांना मुंबई आणि आफ्रिका खुणावत होती. पेडणे आणि डिचोली या नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेले तालुके. इथलं शिक्षण मराठीतून वाढलं. घरात कोकणी आणि पोथी, कीर्तन, वर्तमानपत्र मराठीत, ही इथली जुनी वाटणी. १९९० च्या धोरणाने सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांपुरतं ठेवलं. २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही मिळू लागलं. माध्यमिक शिक्षण मात्र बहुतेक इंग्रजीतूनच चालतं.

म्हणजे चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येतं. त्याला इंग्रजी लागते ती गणिताचं उदाहरण समजायला, विज्ञानाचा धडा वाचायला. खोली मागायला नव्हे. जोडीजोडीने बोलायला लावलं की ते कोकणीत बोलतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही: शेजारच्या बाकावरच्या मित्राशी परक्या भाषेत बोलणं, हेच त्याच्या समाजाच्या नियमांत बसत नाही. मास्तरांसमोरचं त्याचं गप्प राहणंही नेहमी अज्ञान नसतं, पुष्कळदा तो मान असतो. या मुलाला ‘संवादक्षमता कमी’ असा शेरा मिळतो तेव्हा मला राग येतो. हाइम्सनी ही संज्ञा घडवली ती अशाच मुलांची बाजू घेण्यासाठी.

यातून बाहेर पडायची एक वाट आपल्या शेजारीच निघाली होती. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू प्रकल्पात मुलांपुढे रेल्वेची वेळापत्रकं आणि नकाशे ठेवले. त्यावर विचार करताना भाषा आपोआप वापरली जाई. गटात आपसांत बोलण्यावर त्यांनी भर दिला नाही, शिक्षकाशी होणाऱ्या देवाणघेवाणीवर दिला. दक्षिण भारतातल्या वर्गाची घडण त्यांना ठाऊक होती.

वर्गाबाहेर, हरमल आणि मोरजीच्या किनाऱ्यावर इंग्रजी चालते, पण पुष्कळदा रशियन पाहुणा आणि पेडण्याचा दुकानदार यांच्यात. दोघांचीही ती मायबोली नाही, तरी सौदा नीट होतो. असा खरा वापर शोधायची हाइम्सची पद्धत साधी होती: आधी गावात जाऊन कोण कुणाशी, कशासाठी, कुठल्या भाषेत बोलतं ते टिपायचं. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांकडूनच हे टिपण करून घ्यावं: डिचोलीच्या बाजारात, मोपाच्या विमानतळावर, मामलेदार कचेरीत, देवळात. इंग्रजीचा अभ्यासक्रम त्या वह्या वाचून मग ठरवावा.